पहिल्या दिवशी तलंग कोणती, कोंबडा कोणता

पिल्लांतली मादी म्हणजे तलंग; ती कोणती आणि कोंबडा कोणता, हे ताज्या पिल्लांत ओळखायचं असतं. उबवणीच्या एकविसाव्या दिवशी हॅचर, म्हणजे पिल्लं बाहेर निघतात ते यंत्र, उघडला की हात आपोआप पिल्लांकडे जातो. तिथे थोडं थांबायला हवं. बाकी सगळी पिल्लं फुललेली आहेत आणि शंभरातल्या चार-पाचांची मान अजून ओलसर आहे, ही ट्रे बाहेर काढायची वेळ. त्याआधी काढले तर ओल्या लवेचा रंग एक-दोन छटा गडद दिसतो, तपकिरी पिल्लू काळपट वाटतं, आणि पंख उघडला तर पिसांच्या दांड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. उशीर झाला तर दुसरं संकट. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा दिवसांत हॅचरमध्ये सहा-आठ तास जास्त राहिलेलं पिल्लू सुकतं. पायाच्या नळीवरची शीर उठून दिसते, लव निस्तेज होते, आणि तपासायला उचललं की मान टाकतं. असं पिल्लू रंगासाठीही निरुपयोगी आणि व्हेंट (शेपटीखालचं गुदद्वार) बघण्यासाठीही.

म्हणून उन्हाळ्यात तपासणीचं टेबल पहाटे पाचला लावायचं आणि साडेनऊपर्यंत आवरायचं. टेबलापाशी ३० अंशांच्या आसपास हवा असली की पिल्लू हातात गप्प राहतं. थंडी वाजली की आकसतं, उकडलं की चोच उघडून धापा टाकतं, आणि दोन्ही वेळा हातात वळवळतं. पंख्याचा झोत थेट पिल्लांवर नको. पोटातला बलक दोन दिवस पुरतो हे खरं, पण तो वाहतुकीसाठी राखून ठेवायचा असतो, आपल्या दिरंगाईसाठी नाही.

रंग बघायचा तो पांढऱ्या उजेडात. पिल्लांना ऊब देणाऱ्या ब्रूडरच्या पिवळ्या बल्बखाली पांढरट पिल्लू आणि तांबूस पिल्लू सारखंच दिसतं, लाल बल्बखाली तर विचारूच नका. खिडकीतून येणारा, पण थेट ऊन नसलेला उजेड उत्तम. नाहीतर ६५०० केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हॅचरमध्ये जंतू मारायला फॉर्मलिनची वाफ दिली असेल तर लव गडद पिवळी, कधी केशरीकडे झुकलेली होते. फिकट पिल्लं त्यात पिवळीजर्द दिसतात. म्हणून दोन वेगळ्या हॅचरींची पिल्लं शेजारी ठेवून रंग ताडून बघण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती एकाच ट्रेमधल्या पिल्लांची.

आधी आई-बाप विचारा

“काय ओ मालक, रंग बघून सांगा की, यात तलंगा किती निघतील?” हा प्रश्न खोका उघडायच्या आधीच येतो. उत्तर देण्याआधी उलट प्रश्न करावा लागतो: बाप कोण, आई कोण? हे माहीत नसेल तर पिल्लाच्या रंगावरून नर-मादी सांगणं म्हणजे छापा-काटा. माहीत असेल, आणि जोडी योग्य बाजूने लावलेली असेल, तर तेच काम लहान मूलसुद्धा करू शकतं. रंग वाचायचा तो या माहितीच्या आधारावर. नुसत्या रंगाला स्वतःचा काही अर्थ नाही.

कारण असं. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबड्यांत ते आईकडून. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलगी आईकडून डब्ल्यू घेते, म्हणून झेडवर बसलेले गुण तिला फक्त बापाकडून मिळतात. मुलाला ते दोघांकडून मिळतात. पिसांचा सोनेरी-रुपेरी रंग, पट्टेरीपणा, पिसं लवकर की उशिरा फुटणं, हे गुण नेमके झेडवर आहेत. रुपेरी हा सोनेरीवर मात करतो. आता बाप सोनेरी आणि आई रुपेरी घेतली तर मुली बापासारख्या सोनेरी होतात आणि मुलगे आईचा रुपेरी घेऊन फिकट होतात. हीच जोडी उलट लावली, बाप अस्सल रुपेरी आणि आई सोनेरी, तर सगळीच पिल्लं रुपेरी. जाती त्याच, पण वाचायला काही उरत नाही. “दोन्ही जाती आहेत माझ्याकडे, मग रंगावरून का कळत नाही?” या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी लेयरमध्ये (अंड्यांसाठी पाळायच्या कोंबड्यांत) हीच जोडी वापरतात: बाप ऱ्होड आयलंड रेड (आरआयआर) वंशाचा, आई रुपेरी जीन असलेल्या पांढऱ्या वंशाची. तपकिरी पिल्लू ती तलंग, फिकट पिवळं तो कोंबडा. अडतं ते पट्टे असलेल्या पिल्लांशी. तपकिरी पिल्लाच्या पाठीवर कधी फिकट पट्टे येतात, फिकट पिल्लाच्या पाठीवर एखादा तपकिरी पट्टा येतो, आणि नुसती पाठ बघणारा फसतो. पाठ सोडा, डोकं आणि डोळ्याभोवतीचा भाग बघा. तिथे तांबूस झाक असेल तर तलंग धरायची.

दुसरी उपयोगी जोडी पट्टेरी पिसांची. आरआयआर कोंबडा आणि बार्ड प्लायमाउथ रॉक कोंबड्या. पिल्लं सगळी काळी निघतात, पण कोंबड्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला पांढरट ठिपका असतो, तलंगेचं डोकं साफ काळं. पोटाखालचा पांढुरका भाग यात धरायचा नाही, तो दोघांनाही असतो. पुढे कोंबड्याला पट्टेरी पिसं येतात. तलंग काळी राहते आणि तिच्या मानेवर थोडा तांबूस रंग उतरतो. अस्सल बार्ड रॉकची पिल्लं असतील तर काम अवघड होतं, कारण ठिपका दोघांनाही असतो. कोंबड्याचा मोठा, पसरट, कडा विस्कटलेला. तलंगेचा लहान आणि आटोपशीर. तलंगेच्या पायाची पुढची बाजू काळपट असते आणि बोटांशी तो काळेपणा तुटून पिवळा सुरू होतो. एवढं सगळं बघूनही दहात एक-दोन चुकतात. पट्टेरीपणाचा दुहेरी डोस कोंबड्याला जास्त फिकट करतो, हीच गोष्ट धरून केंब्रिजच्या पनेट आणि पीज यांनी १९३०च्या दशकात लेगबारसारख्या जाती बांधल्या. त्यांत अस्सल जातीच्याच पिल्लांची नर-मादी पहिल्या दिवशी रंगावरून कळते, संकर करावा लागत नाही. आपल्याकडच्या आरआयआरमध्ये तसं नाही. तिच्या कोंबड्याच्या पंखाच्या पडद्यावर फिकट ठिपका आणि तलंगेच्या डोक्यावर गडद ठिपका किंवा रेघ सापडते, पण ती खूण धरून पैसे घेऊ नयेत.

व्हाइट लेगहॉर्नशी रंगाच्या नादी लागायचंच नाही. तिच्यातला पांढरा रंग इतर रंग झाकून टाकतो. आरआयआर कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबड्या लावल्या तर लेगहॉर्नच्या पोटात रुपेरी, पट्टेरी काहीही असो, पिल्लं सगळी पिवळी.

सगळ्यात महाग पडणारी चूक दुसऱ्या पिढीची. एखाद्याने तपकिरी लेयरच्या तलंगा आणल्या, त्याच लॉटमधला एखादा पांढरा कोंबडा ठेवला, त्यांची अंडी उबवली आणि पुन्हा “तपकिरी ती तलंग” म्हणून विकायला काढली. तो कोंबडा आता अर्धा रुपेरी, अर्धा सोनेरी आहे. त्याच्या मुलांतही निम्मे फिकट आणि निम्मे तपकिरी, मुलींतही निम्म्या फिकट आणि निम्म्या तपकिरी. रंग दिसतो तसाच सुंदर, पण त्याचा नर-मादीशी काही संबंध राहिलेला नाही. पट्टेरी जोडीचंही तेच, पुढे सांगितलेल्या पंखाच्या खुणेचंही तेच. ही युक्ती एकाच पिढीची आहे. दरवेळी मूळच्या दोन वेगळ्या वंशांकडे परत जावं लागतं.

परसातल्या कुक्कुटपालनासाठी आपल्याकडे येणारी गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. वनराजच्या एकाच खोक्यात तपकिरी, काळपट, पट्टेवाली, फिकट अशी सगळी पिल्लं दिसतात. “रंग वेगवेगळे आहेत, म्हणजे भेसळ आहे” असं म्हणून खोका परत पाठवणारे भेटतात. भेसळ नाही, ती जातच बहुरंगी आहे. आणि त्या रंगांवरून नर-मादीही शोधू नये.

कडकनाथ म्हणून विकलं जाणारं काळं पिल्लू

रंगाची खरी परीक्षा इथे आहे, कारण कडकनाथ पिल्लाचा भाव साध्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त असतो. मूळ जात मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली. तिथल्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण सोलापूरच्या आठवडी बाजारात “कडकनाथ” ही जात नसते, तो एक रंग असतो.

अस्सल एक दिवसाचं पिल्लू निळसर ते काळं असतं आणि पाठीवर अनियमित गडद पट्टे असतात. एकसारखं डांबरासारखं काळं नसतं. लवेपेक्षा महत्त्वाचं लवेखालचं. चोच हलकेच उघडून जीभ आणि टाळू बघा. पंख उचलून त्याखालची कातडी बघा. पाय उलटा करून तळवा बघा. या तिन्ही ठिकाणी काळपटपणा हवा. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प या दुसऱ्या काळ्या पिसांच्या जातीचं पिल्लू वरून काळं, पण पोट आणि पंखांची टोकं पांढुरकी-पिवळसर असतात, पंखाखालची कातडी गोरी, तळवे फिकट. वाढलं की तेही पूर्ण काळं होतं, वरून हिरवट चमक येते, आणि घेणारा महिनाभर खूश राहतो. कापल्यावर मांस पांढरं निघतं तेव्हा भांडण सुरू होतं. उलट बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रॉलॉर्प मागवलेल्या माणसाला पोट पांढरं दिसलं की तो संकर समजतो. पहिल्या पिसांतही पंखात एखादं पांढरं पीस येतं आणि पुढच्या पिसगळीत जातं. तेही जातीचंच लक्षण आहे.

सगळ्यात फसवं असतं ते कडकनाथ कोंबडा आणि आरआयआर कोंबड्या यांचं पहिल्या पिढीचं पिल्लू. कातडी काळी करणारा जीन कडकनाथकडून येतो, पण तो काळेपणा दाबणारा दुसरा एक जीन आरआयआरसारख्या पिवळ्या पायांच्या जातींकडे असतो, आणि तो झेडवर बसलेला आहे. वर सांगितलेला हिशेब पुन्हा लावा. मुलींना झेड फक्त कडकनाथ बापाकडून मिळतं, म्हणजे दाबणारं काही नाही, कातडी काळी. मुलग्यांना आईकडून दाबणारा जीन मिळतो, कातडी फिकट, फार तर डाग. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये सिल्की जातीचा काळ्या कातडीचा कोंबडा आणि ब्राउन लेगहॉर्न कोंबडी घेऊन हेच दाखवलं होतं. म्हणजे या एका संकरात कातडीच नर-मादी सांगते, आणि पहिल्या आठवड्यातच फरक दिसू लागतो. व्यवहारात घडतं ते असं: काळ्या तलंगा “अस्सल” म्हणून जातात, फिकट कोंबडे गावरान म्हणून. कोणी दिलेल्या पन्नास पिल्लांतली निम्मी काळ्या कातडीची आणि निम्मी फिकट निघाली, आणि पुढे काळ्या सगळ्या तलंगाच ठरल्या, तर काय झालंय ते ओळखा. त्या तलंगांना अस्सल कडकनाथ कोंबडा लावला तरी अस्सल रक्ताकडे परतायला पिढ्या जातील. आणि बाप आरआयआर, आई कडकनाथ असेल तर मुलगे-मुली दोन्ही फिकट. ती फसवणूक करायला कोणी जातच नाही.

पंख

पांढऱ्या लेयरमध्ये मोठ्या हॅचऱ्या रंगाऐवजी पंख वाचतात. तत्त्व तेच. पिसं उशिरा फुटणं हा मात करणारा गुण. बाप लवकर पिसांचा, आई उशिरा पिसांची; मग मुली लवकर, मुलगे उशिरा.

पिल्लू डाव्या मुठीत धरायचं आणि पंख उजव्या हाताच्या दोन बोटांनी जपानी पंख्यासारखा उलगडायचा, ओढायचा नाही. टोकाकडच्या भागात पिसांच्या दोन रांगा दिसतात. खालची रांग मुख्य उड्डाणपिसांची, वरची रांग त्यांना झाकणाऱ्या पिसांची. खालची स्पष्टपणे लांब आणि जाड, एक लांब एक आखूड अशी करवत दिसली की तलंग. दोन्ही रांगा सारख्या, किंवा वरची लांब, की कोंबडा. अडचण एकाच प्रकाराची: ज्या कोंबड्याची खालची रांग वरच्यापेक्षा किंचित, एखाद मिलिमीटरने, लांब असते. नवखा माणूस त्याला तलंगेत टाकतो. लांबीचा फरक बारीक असेल तर जाडी बघायची. तलंगेची उड्डाणपिसं दांडीलाही जाड असतात.

हे पहिल्या २४ ते ३६ तासांत. तिसऱ्या दिवशी कोंबड्याचीही पिसं पुढे येतात आणि दोघं सारखे दिसू लागतात. हैदराबाद किंवा पुण्याकडून रात्रीच्या गाडीने आलेल्या खोक्यावर पिल्लं निघाल्याची वेळ लिहिलेली नसेल तर पंख वाचूच नये. आणि पुन्हा तेच: ही खूण फक्त त्यासाठी बांधलेल्या वंशात चालते. मोबाइलवर व्हिडिओ बघून गावरान पिल्लांचे पंख उघडून “लांब-आखूड ती तलंग” सांगणारे पुष्कळ आहेत. गावरानात नर-मादी दोघांचीही पिसं लवकर फुटू शकतात, आणि मग सगळा खोका तलंगांचा ठरतो. दोन महिन्यांनी निम्मे आरवतात.

व्हेंट

आई-बाप माहीत असोत नसोत, कोणत्याही जातीत चालते ती ही एकच पद्धत. जपानमध्ये १९२०च्या दशकात मासुई आणि हाशिमोतो यांनी तिचा पाया घातला आणि तिथले सेक्सर, म्हणजे पिल्लांची नर-मादी ओळखणारे, पुढे जगभर कामाला गेले. शिकायला सगळ्यात कठीण, आणि चुकलं तर पिल्लू मरतं.

पिल्लू निघाल्यावर २४ तासांच्या आत. जितकं लवकर तितकं बरं, कारण नंतर तिथल्या घड्या घट्ट होतात आणि उघडायला जोर लागतो. पिल्लू डाव्या हातात, पाठ तळव्याला, डोकं खाली करंगळीकडे, शेपूट वर. अंगठ्याने पोटावर हलका दाब देऊन आतली काळपट-हिरवी विष्ठा वाटीत उडवायची. ही पायरी टाळली तर ऐन वेळी ती बोटांवर येते आणि काही दिसत नाही. मग डाव्या अंगठ्याने शेपटीकडची कड मागे सारायची आणि उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने दोन्ही बाजूंनी व्हेंट फुलासारखं उलटायचं. पोटाकडच्या घडीत मधोमध मोहरीच्या दाण्याहून लहान मणी दिसतो, किंवा दिसत नाही. कोंबड्याचा मणी गोल, चकचकीत, टणक. बोटाने हलकेच दाबला तर परत उभा राहतो. तलंगेत मणी नसतो, किंवा असला तरी चपटा, निस्तेज, मऊ. बोट फिरवलं की विरतो. बहुतेक पिल्लं या दोन टोकांना असतात. उरलेल्यांत मोठा मणी असलेल्या तलंगा आणि बारीक मणी असलेले कोंबडे. सगळं कसब त्यांच्यासाठी. तिथे आकारापेक्षा चमक आणि टणकपणा बघायचा. दोन सेकंदांत निर्णय झाला नाही तर पिल्लू “नंतर बघू”च्या खोक्यात टाकायचं. पुन्हा पुन्हा दाबलं की मणी रक्ताने फुगतो आणि तलंगही कोंबड्यासारखी दिसू लागते.

मुरलेला सेक्सर तासाला आठशे ते हजार पिल्लं बघतो आणि शंभरात दोन-चार चुकतो. नवखा साठ-सत्तर टक्क्यांवर अडकतो. पोट दाबताना बलकाची पिशवी फुटते, हे सगळ्यात मोठं नुकसान. पिल्लू त्या क्षणी ठीक दिसतं आणि पुढच्या काही दिवसांत जातं. दुसरं, नखं. नख वाढलेलं असेल तर कड फाटते, रक्त येतं, आणि बाकीची पिल्लं तिथेच चोची मारतात. तिसरं, घाण हात. नाभी न भरलेल्या एका पिल्लाचा संसर्ग त्याच बोटांनी पुढच्या शंभरांना जातो. दर खोक्यानंतर हात धुवायचे, वाटी बदलायची, नाभी काळी किंवा ओली असलेलं पिल्लू उघडायचंच नाही.

शिकायचं असेल तर जिवंत पिल्लांवर नको. ट्रेमध्ये मेलेली, पण पूर्ण वाढलेली ताजी पिल्लं बाजूला काढायची. आधी व्हेंट उघडून आपला अंदाज कागदावर लिहायचा, मग पोट चिरून खात्री करायची. आतडी बाजूला सारली की मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्यासारखे दोन पिवळट अंडकोश दिसले तर कोंबडा. एकट्या डाव्या बाजूला चपटा, खडबडीत कडेचा अंडाशय दिसला तर तलंग. अशी चाळीस पिल्लं बघितली आणि वीस बरोबर आली तर ते काहीच शिकणं नव्हे, नाणं उडवूनही तेवढी येतात. चाळीसात सव्वीस-सत्तावीस बरोबर येऊ लागली की डोळा काहीतरी पकडतोय असं म्हणता येईल. छत्तीसच्या पुढे गेल्याशिवाय दुसऱ्याच्या पिल्लांना हात लावू नये.

लेयर हॅचरीत सेक्सिंग (नर-मादी वेगळे करणं) झाल्यावरच मरेक्स या रोगाची लस देतात, म्हणजे कोंबड्यांवर लस खर्ची पडत नाही. त्या कोंबड्यांचं पुढे काय होतं, हा या धंद्यातला नकोसा भाग. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यांना मारण्यावर बंदी घातली आणि अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रं तिथे वापरात आली. आपल्याकडे त्यातले काही गुलाबी, हिरवे, जांभळे होऊन जत्रेत दहा-वीस रुपयांना विकायला येतात. रंगवलेल्या पिल्लाची लव फुंकर मारून दुभंगली तर मुळाशी पिवळा रंग दिसतो, आणि आठवड्याभरात पंखात पांढरी पिसं फुटतात. पोराने हट्ट करून आणलेलं ते पिल्लू मोठं होऊन अंडी देईल, ही आशा सहसा फोल ठरते.

नंतरचे दहा आठवडे

गावरान आणि असील (झुंजीची जात) पिल्लांत पहिल्या दिवशी खात्रीने काही सांगता येत नाही. खारीसारखे पट्टे असलेल्या गावरान पिल्लात एक खूण कामाची आहे: तलंगेची पाठीवरची पट्टी गडद, कडा स्पष्ट, आणि डोळ्यामागून जाणारी काजळरेघ अखंड, कोंबड्याची पट्टी पुसट, रेघ तुटक. ही खूण लिहून ठेवायची, तिच्यावर व्यवहार करायचा नाही. पायात रंगीत झिप टाय बांधून अंदाज वहीत नोंदवला की आठ आठवड्यांनी आपला डोळा किती खरा ते कळतं. टाय दर आठवड्याला सैल करायची, नाहीतर ती नळीत रुतते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाय सुजलेली पिल्लं दिसली तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

तीन-चार आठवड्यांना जड जातींत तलंगेची पाठ आणि खांदे पिसांनी भरतात, शेपूट दिसते. कोंबड्याचे खांदे उघडे, शेपटीच्या जागी बोंड. पाच-सहा आठवड्यांना एकेरी तुऱ्याच्या जातींत कोंबड्याचा तुरा गुलाबी होऊन वर येतो, तलंगेचा पिवळट आणि बसका राहतो. लेगहॉर्नमध्ये हे आणखी लवकर. कडकनाथमध्ये तुरा दोघांचाही जांभळट काळा, म्हणून रंग बघू नये, उंची बघावी, आणि आठ-दहा आठवड्यांपर्यंत घाई करू नये. असीलचा तुरा वाटाण्यासारखा तीन रांगांचा आणि बसका. तिथे पायाच्या नळीची जाडी आणि उभं राहण्याची ढब आधी बोलते, तुरा नंतर.

या काळात एक हिशेब हाताशी असावा. दहा पिल्लं घेतली आणि त्यातले सात किंवा जास्त एकाच लिंगाचे निघाले, हे दर तीन खरेदींत एकदा नुसत्या योगायोगाने घडतं. तेवढ्यावर हॅचरीवाल्याला चोर म्हणू नये. शंभर न निवडलेल्या पिल्लांत मात्र आकडा बहुतेक वेळा चाळीस ते साठच्या मध्ये असतो. सत्तर कोंबडे निघाले तर कोणीतरी आधी तलंगा काढून घेतल्या आहेत. टोकदार अंड्यातून कोंबडा, गोल अंड्यातून तलंग, अंड्यावर दोऱ्याला बांधलेली सुई फिरवणं, यातलं काहीही चालत नाही. नर की मादी हे कवच बनायच्या आधी कोंबडीच्या अंडाशयातच ठरलेलं असतं. उन्हाळ्यात कोंबडे जास्त निघतात हाही समज तसाच. उबवणीचं तापमान चुकलं तर पिल्लं मरतात, त्यांचं लिंग बदलत नाही.

दहा-बारा आठवड्यांनीही एखादं पिल्लू अडून बसतं: तुरा मध्यम, पाय मध्यम, आरवत नाही, अंडं द्यायचं वय नाही. त्याला उचलून पाठीचा शेपटीजवळचा भाग बघायचा. तिथलं नवं पीस बोटांत धरून उजेडाकडे न्यायचं. टोक गोल असेल तर तलंग. टोक अणकुचीदार, कडा चकचकीत, मधल्या दांडीजवळ लांबट रेघ असेल तर कोंबडा, मग त्याचा तुरा काहीही म्हणो. मानेवरची पिसंही तेच सांगतात, पण ती थोडी उशिरा.